ती खुर्ची कोणत्या खात्याची?

आरोग्य केंद्रातल्या समुपदेशनाच्या टेबलावर पाहण्यासारखे फारसे काही नसते. एक जाड रजिस्टर, पेन, पाण्याची बाटली आणि नऊ प्रश्नांचा एक छापील कागद. खोली कधी स्वतंत्र असते, कधी लसीकरणाच्याच खोलीला मधोमध पडदा लावून केलेली. कागदावरचे प्रश्न साधे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागले नाही असे किती दिवस झाले? झोप उडाली का? भूक कशी आहे? आपण कशाच्याच लायकीचे नाही असे वाटले का? उत्तरे चारच: मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. डॉक्टरांच्या भाषेत याला पीएचक्यू-९ म्हणतात. कंबर दुखते म्हणून केसपेपर काढलेल्या बाईला हा कागद वाचून दाखवला जातो तेव्हा तिला हवी असते गोळी, जमल्यास इंजेक्शन. ‘नुसतं बोलून काय होणार?’ हा तिचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला नीट उत्तर द्यायचे तर ‘बोलल्यानं बरं वाटतं’ एवढे पुरत नाही.

शहरी, शिकलेल्या वाचकाची अडचण उलटी असते. थेरपी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे सिनेमा येतो. ‘डियर जिंदगी’ नोव्हेंबर २०१६ मध्ये पडद्यावर आला. त्यात गोव्याच्या किनाऱ्यावर शाहरुख खानचा डॉक्टर नायिकेला फिरता फिरता तिच्या बालपणापर्यंत नेतो. योगायोग असा की त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने गोव्याच्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात किनारा नव्हता, सोफा नव्हता आणि समुपदेशक डॉक्टरही नव्हते. सरकारी योजनेतून, संस्थेच्या कार्यक्रमातून किंवा न्यायालयाच्या आदेशावरून समुपदेशनाला जाणाऱ्या माणसाने कोणती अपेक्षा ठेवावी, हे समजून घ्यायला तो प्रयोग सिनेमापेक्षा उपयोगी आहे. पण एकट्या त्या प्रयोगावर भागत नाही. योजनेतले समुपदेशन कधीच नुसते समुपदेशन नसते. तिथली खुर्ची कुठल्या तरी खात्याने, कुठल्या तरी उद्दिष्टासाठी मांडलेली असते. आरोग्य खात्याला रुग्ण बरा व्हायला हवा असतो, कौटुंबिक न्यायालयाला तंटा मिटायला हवा असतो, शेतकऱ्यांसाठीच्या योजनेला आत्महत्या टळायला हव्या असतात. किती बैठका होणार, नोंद कुठे जाणार, कोणती गोष्ट ‘यश’ म्हणून मोजली जाणार, हे ते उद्दिष्ट ठरवते. समुपदेशक कसा आहे हा प्रश्न महत्त्वाचाच, पण त्याच्या आधी खुर्ची कुणाची हे पाहावे, असे मला वाटते.

गोव्यातली खुर्ची आरोग्य केंद्रातली होती. ‘संगाथ’ ही तिथली संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांना त्यांनी दोन गटांत विभागले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, म्हणजे तपासणीचा निष्कर्ष डॉक्टरांना कळवला आणि काय करावे याची मार्गदर्शिका दिली. दुसऱ्या गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन दिले. प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, केंद्रात किंवा घरी, सगळे मिळून तीनएक महिन्यांत आटोपणारे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते. न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षभरानंतर पाहिले तेव्हाही फायदा टिकून होता. हा फरक छोटा नाही. मात्र त्याच आकड्यांत दोन गोष्टी आणखी दिसतात आणि त्या झाकून ठेवू नयेत. समुपदेशनाशिवायही दहातले चौघे सावरले, आणि समुपदेशन घेऊनही दर तिघांतला एक जण तीन महिन्यांनी त्या रेषेखाली आलेला नव्हता.

या बैठकांत नेमके होते काय? सुरुवातीच्या एक-दोन बैठका ओळख करून घेण्यात आणि त्रास समजावून सांगण्यात जातात. मन खचले की माणूस कामे सोडतो, लोकांना टाळतो. कामे सोडली की जे थोडे बरे वाटायचे तेही जाते. मग मन आणखी खचते. हे चक्र कुठेतरी तोडायचे असते, आणि ते विचारांच्या बाजूने न तोडता कृतीच्या बाजूने तोडणे ही या पद्धतीची सगळी युक्ती आहे. म्हणून मधल्या बैठकांत वही निघते. दिवसभरात काय केले, केव्हा थोडे बरे वाटले, केव्हा अगदी नकोसे झाले, हे लिहायचे. लिहिता येत नसेल तर खुणा करायच्या. त्यातून पुढच्या आठवड्यासाठी एखादी छोटी गोष्ट ठरते: सकाळी शेजारणीबरोबर पाण्याला जायचे, बंद पडलेले शिवणयंत्र काढायचे, रविवारी चर्चला किंवा देवळात जाऊन यायचे. ऐकणाऱ्याला हे इतके किरकोळ वाटते की ‘एवढ्यासाठी समुपदेशक कशाला’ असे तोंडावर येते. पण नैराश्यातल्या माणसाला शिवणयंत्रावरचे कापड काढणे हे डोंगराएवढे काम असते. पुढच्या आठवड्यात कोणी ‘जमलं का?’ म्हणून विचारणार आहे आणि न जमल्यास रागावणार नाही, हीच त्यातली मदत. दर बैठकीत तो नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला जातो. शेवटच्या बैठका पुढे पुन्हा तसेच वाटू लागले तर काय करायचे, या तयारीच्या.

योजनेतून मिळणाऱ्या समुपदेशनाकडून काय अपेक्षा ठेवावी याचे एक ठोस उत्तर इथे मिळते. थोड्या बैठका, हातात घ्यायला काहीतरी काम, आणि वारंवार मोजमाप. बालपणाच्या तळघरात उतरायला वेळ नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही नसते. भाषा रोजची असते. ‘नैराश्य’ हा शब्द ऐकून बुजणारा माणूस ‘टेन्शन’ म्हटले की बोलायला लागतो. आपल्याकडे जीव घाबरतो, हातपाय गळतात, डोक्यात मुंग्या येतात. चांगला समुपदेशक या तक्रारी खोट्या ठरवत नाही. त्या धरूनच पुढे जातो. खाजगी थेरपीत दर आठवड्याला तास-दीड तास आणि वर्ष-दोन वर्षे असा हिशेब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे तोकडे वाटेल. वाटू द्यावे. सहा बैठकांनंतर ‘आता झालं, गरज पडली तर या’ असे सांगितले जाते तेव्हा तो हेटाळणीचा सूर नसतो. कार्यक्रमाची आखणीच तशी असते.

गोव्यातल्या त्या खोलीत समोर बसलेल्या व्यक्तीकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या, आसपासच राहणाऱ्या माणसांना काही आठवडे वर्गात शिकवले, मग सहाएक महिने देखरेखीखाली उमेदवारी करायला लावली. बैठकांचे ध्वनिमुद्रण होत असे. समुपदेशक गटाने बसून एकमेकांची मुद्रणे ऐकत आणि गुण देत: इथे घाई केली, इथे ऐकायच्या आधीच सल्ला दिला, इथे रुग्ण रडला तेव्हा विषय बदलला. माझ्या मते हा या प्रयोगाचा कणा आहे आणि योजना कागदावर उतरवताना नेमका तोच गळतो. प्रशिक्षणाचे तीन दिवस, प्रमाणपत्र, फोटो, आणि मग कर्मचाऱ्याला एकटे सोडून द्यायचे, ही आपल्याकडची रीत ठाऊक असलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्या केंद्रात समुपदेशकाच्या कामावर महिन्यातून एकदाही कोणी जाणता माणूस नजर टाकत नाही तिथे गोव्याचे ६४ टक्के मागू नयेत.

आक्षेप ठरलेला आहे: श्रीमंतांना तज्ज्ञ आणि गरिबांना बारावी पास ताई, हा कुठला न्याय? आक्षेपात राग आहे आणि तो योग्य ठिकाणचा आहे. देशात १९८२ पासून राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम आहे. तरी ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. (सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, महाराष्ट्र त्यांत नव्हता, हे इथले आकडे सांगताना बरेचदा विसरले जाते.) पण रागाच्या भरात चुकीची तुलना होते. सामान्य नैराश्य असलेल्या गावातल्या बाईपुढे तज्ज्ञ की ताई असा पर्याय नसतो. ताई किंवा काहीच नाही, असा असतो. शिवाय खुर्चीच्या दर्जाबद्दलचे आपले गृहीतकही तपासून पाहावे. याच गटाने आधी केलेला ‘मानस’ हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यातले बारा सरकारी आणि बारा खाजगी दवाखाने, आणि सामान्य शिक्षणाच्या समुपदेशकांच्या जोडीला डॉक्टर व भेटीला येणारे मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ वरून ६६ टक्क्यांवर गेले. खाजगी दवाखान्यांत समुपदेशकामुळे फरक पडला नाही. तिथे ते प्रमाण नेहमीच्या उपचारानेही जवळपास तेवढेच होते. नावानिशी ओळखणारा, दोन मिनिटे जास्त देणारा डॉक्टर हा स्वतःच थोडासा समुपदेशक असतो, असे त्यातून मला दिसते. सरकारी ओपीडीच्या रांगेत जे गहाळ असते ते ताईने भरून काढले.

ताई जे करू शकत नाही त्याची यादी मात्र समुपदेशनाआधीच सांगितली पाहिजे. कानात आवाज येणारा, भ्रम असलेला, दिवसेंदिवस न झोपता उधळलेला माणूस तिच्यापुढे बसवून उपयोग नाही. त्याला जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ हवा, औषधे हवीत. रोज प्यायल्याशिवाय हात थरथरणाऱ्याची दारू समुपदेशनाने एकदम थांबवणे तर धोक्याचे आहे. चांगल्या कार्यक्रमाची खूण अशी की तिथून लोकांना वेळेवर पुढे पाठवले जाते आणि पाठवलेला माणूस तिथे पोहोचला की नाही हेही विचारले जाते. पीएचक्यूच्या कागदावरचा नववा प्रश्न इथे कामाचा आहे. त्यात मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असे सरळ विचारलेले असते. उत्तर देताना लोक चाचरतात, कारण पोलीस केसची भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षेऐवजी उपचार देणे ही सरकारची जबाबदारी ठरते. हे वाक्य त्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लावायला हरकत नाही.

खुर्चीचे उद्दिष्ट किती निर्णायक असते हे दारूच्या बाबतीत फार ठळकपणे दिसते. गोव्यातल्या त्याच दहा केंद्रांत दुसरा प्रयोग दारूमुळे आरोग्य बिघडवणाऱ्या, पण पूर्ण व्यसनाधीन न झालेल्या ३७७ पुरुषांवर झाला. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के सुधारले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. गेल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. पण जे पीत राहिले त्यांचे रोजचे प्रमाण घटले नाही, आणि बायकोवरच्या मारहाणीतही फरक दिसला नाही. याउलट नैराश्याच्या प्रयोगात समुपदेशन मिळालेल्या स्त्रियांनी नवऱ्याकडून होणारी शारीरिक मारहाण कमी झाल्याचे सांगितले. या दुसऱ्या निष्कर्षावर फार मोठा इमला बांधू नये. आकडे लहान आहेत. तरीही ‘त्याची दारू सुटली की मारणं आपोआप थांबेल’ या आशेवर वर्षानुवर्षे काढणाऱ्या घरांनी हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. दारूच्या समुपदेशकाची खुर्ची दारूसाठी आहे. मारहाणीसाठी वेगळे दार आहे.

त्या दाराशी गेल्यावर समुपदेशन या शब्दाचा अर्थच बदलतो. या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि व्यवहारात तो अनेकदा पोटातून वर येतो. ‘दोन्ही घरच्यांना बोलावू’, ‘भांड्याला भांडं लागणारच’, ‘लेकरांकडे बघा’. याला आपल्याकडे जुना आणि अचूक शब्द आहे: समजूत घालणे. समजूत घालणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, पण त्याला संसार वाचवायचा असतो. समोर बसलेल्या बाईला त्या क्षणी संसाराहून जीव वाचवायचा असू शकतो. हा फरक फार आधी ओळखणारे लोक मुंबईत होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. तक्रार घेऊन आलेल्या बाईला पोलीस ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ता भेटावा, ही त्यामागची कल्पना. पुढे राज्य शासनाने हे कक्ष आपल्याकडे घेतले. या शतकाच्या सुरुवातीला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उघडले. त्यामागचा विचार असा की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईल न जाईल, दवाखान्यात मात्र येतेच, ‘न्हाणीघरात पडले’ असे सांगत का होईना. अशा केंद्रात समुपदेशनाचे पहिले काम तिची सुरक्षा तपासणे हे असते: आज रात्री घरी जाता येईल का, जवळ कोण आहे, कागदपत्रे कुठे आहेत. नवऱ्याला बोलवायचे की नाही हे ती ठरवते.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, दोघांना मिळून किंवा एकेकट्याला. या कायद्याखाली २००६ मध्ये झालेल्या नियमांत एक तरतूद आहे, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची वाटते. समुपदेशनात प्रतिवादीला आपल्या हिंसेचे समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला बैठक सुरू होण्याआधी सांगितले गेले पाहिजे. ‘तिनं तोंड चालवलं म्हणून हात उचलला’ हे वाक्य त्या खोलीत चालणारच नाही. समजूत आणि समुपदेशन यांतली रेघ इतक्या स्वच्छपणे कायद्याने क्वचितच ओढली असेल. योजनेतल्या बैठकीला जाणाऱ्या बाईने आणि तिच्याबरोबर जाणाऱ्या भावाने, मैत्रिणीने हा नियम माहीत करून घ्यावा. बैठकीत पहिल्यांदा ‘तुझंही काहीतरी चुकलं असेल’ हा सूर निघाला तर तो समुपदेशकाचा वैयक्तिक दोष असेल, नाहीतर खुर्चीचे उद्दिष्ट भलतेच असेल. दोन्ही बाबतींत तो लेखी नोंदवून घ्यायला लावता येतो.

कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाबद्दल लोकांचा गोंधळ याहून मोठा आहे. ते न्यायालयच १९८४ च्या कायद्याने तडजोड घडवण्यासाठी स्थापन झालेले आहे. कलम ९ प्रमाणे शक्य तिथे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. तेव्हा तिथला समुपदेशक समेटाची शक्यता चाचपणार यात आश्चर्य नाही आणि गैरही नाही. आपण मन मोकळे करायला गेलो आणि तो अटींवर बोलू लागला, अशी नाराजी त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्यांच्या बोलण्यात असते. ती खुर्ची मन मोकळे करण्यासाठी मांडलेलीच नाही. ज्याला सावरायचे आहे, झोप परत हवी आहे, त्याने त्याच काळात आरोग्य केंद्राची किंवा दुसऱ्या संस्थेची वेगळी खुर्ची शोधावी. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. गुप्ततेचा नियमही खुर्चीप्रमाणे बदलतो. समेटाच्या बोलण्यांत जे बोलले गेले ते साधारणपणे पुरावा म्हणून वापरले जात नाही. पण मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल तर मुलाबद्दलचा समुपदेशकाचा अहवाल या गुप्ततेच्या आड येत नाही आणि न्यायालय तो पाहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले. आईबापांपैकी कुणालाही हे आधी कळलेले बरे. मुलाने काय बोलावे हे पढवण्यासाठी अर्थातच नाही. समोर लिहून घेणारी व्यक्ती कुणासाठी लिहीत आहे हे ठाऊक असावे म्हणून.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला. कर्जाने, नापिकीने, पडलेल्या भावाने माणूस खचला असताना त्याला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणे ही क्रूर चेष्टा आहे. समुपदेशन म्हणजे सामाजिक प्रश्नाचा खासगी आजार करून टाकणे. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन शेतकरी कुटुंबांना ताणाबद्दल प्रश्न विचारू लागल्या, तेव्हाही हा आक्षेप घेतला गेला. तो खरा आहे, अर्धा. समुपदेशक सात-बारावरचा बोजा उतरवू शकत नाही आणि तशी आशा दाखवणे फसवणूक ठरेल. पण कर्ज असलेला प्रत्येक जण खचत नाही, आणि खचलेल्याला कर्जाचे कागद घेऊन बँकेत जाण्याचेही त्राण उरत नाही, हेही तितकेच खरे. त्रास बाहेरून आला म्हणून तो आतून पोखरत नाही असे होत नाही. तोडगा या दोन्ही टोकांना एकत्र बांधण्यात आहे आणि त्याचे नमुने आहेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा कार्यक्रम आखला. पुढे तो गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत चालवून तपासला गेला. गावातलेच लोक चार-सहा बैठकांचे साधे समुपदेशन देतात, गंभीर आजारी माणसाला पुढे पाठवतात, आणि त्याच दमात विधवा पेन्शनचा अर्ज, रोजगार हमीचे जॉब कार्ड यांसारख्या गोष्टी मिळवून द्यायला मदत करतात. ज्या कार्यक्रमात समुपदेशकाच्या पिशवीत अर्जाचे नमुनेही असतात, त्याच्यावर ‘प्रश्न खासगी केला’ असा आरोप करणे अवघड जाते. ज्याच्या पिशवीत फक्त सुविचार असतात त्याच्यावर तो जरूर करावा.

गावातली माणसे गावातल्या माणसांना समुपदेशन देतात म्हटले की दुसरी धास्ती येते: चावडीवर जाईल. ही धास्ती फालतू समजू नये. आशाताई नात्यातली निघू शकते, तिची जाऊ आपल्या सासूची मैत्रीण असू शकते. २०१७ च्या कायद्यातले कलम २३ मानसिक आजाराच्या उपचारातली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देते. जीवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर अपवाद आहेत. पण कायदा प्रामुख्याने उपचार देणाऱ्या व्यावसायिकांशी बोलतो. महिन्याच्या मानधनावरच्या कार्यकर्तीपर्यंत तो झिरपायला कार्यक्रमाने स्वतःचे नियम करावे लागतात. रजिस्टर कुठे ठेवले जाते, त्यावर नाव असते की क्रमांक, बैठक कुठे घ्यायची हे कोण ठरवतो, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘तुम्ही हे कुणाला सांगायला बांधील आहात?’ हा प्रश्न तर चांगल्या समुपदेशकाला आवडतो, कारण उत्तर त्याने आधीच तयार ठेवलेले असते. समुपदेशक बदलेल हेही गृहीत धरावे. यातली कितीतरी पदे कंत्राटी आहेत. तिसऱ्या बैठकीला ओळखीचा चेहरा असेल याची खात्री नसते. नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून सांगायचा कंटाळा येतो आणि अनेक जण तिथेच सोडतात. दर बैठकीला काय ठरले हे आपल्याच वहीत दोन ओळींत लिहून ठेवले तर तो कंटाळा बराच कमी होतो.

ऑक्टोबर २०२२ पासून या सगळ्या खुर्च्यांच्या जोडीला बिनखुर्चीची सोय आली आहे. टेली-मानस ही फोनवरची मदतसेवा, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही, पैसे न मोजता. आशाताईची जाऊ नाही, पडदा लावलेली खोली नाही, रांग नाही. रात्री दोन वाजता जीव घाबरला तर आरोग्य केंद्र बंद असते, हा क्रमांक चालू असतो. सहा बैठकांची जागा एक फोन घेत नाही, पण पुढे कुठे जायचे हे त्यातून कळू शकते, आणि पहिल्यांदा तोंड उघडण्यासाठी अनोळखी आवाज बरा पडतो. ज्या घरात फोन एकच आहे, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो आणि लावलेले क्रमांक त्यात दिसतात, तिथे मात्र खुर्चीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. अशा वेळी आरोग्य केंद्रात कंबर दुखते म्हणून केसपेपर काढणे, आणि आत गेल्यावर दार लोटून घेणे, हाच तिचा जवळचा रस्ता असतो.